४० टक्के पाऊस

घरातली सगळी माणसं एकाच शनिवारी मोकळी असणं ही मुळातच दुर्मीळ गोष्ट. कुणाची परीक्षा, कुणाची ड्यूटी, कुणाचे गुडघे. त्यातून वाट काढत तळ्याकाठचं एखादं घर ठरतं, पैसे भरून होतात, आणि मग कुणीतरी मोबाइलमध्ये डोकं घालून म्हणतं, "शनिवारी पाऊस दाखवतोय."

"किती?"

"४० टक्के."

इथून घरोघरी हवामान खातं उघडतं. काकांच्या हिशेबाने ६० टक्के कोरडं, म्हणजे आपण फर्स्ट क्लासात पास. मावशीच्या मते दिवसातला ४० टक्के वेळ पाऊस. भाचा म्हणतो, तळ्याच्या ४० टक्के भागावर पडेल, आपण होडी उरलेल्या भागात न्यायची. खरं तर असा अंदाज दहा वेळा दिला, तर त्या जागी साधारण चार वेळा पाऊस पडतो, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. किती पडेल, किती वेळ पडेल, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. पण हे सांगून उपयोग नसतो. जो तो आपल्या सोयीचा अर्थ बॅगेत भरून निघालेला असतो, आणि काकांच्या बॅगेत छत्री नसते.

अंदाजाची टिंगल अंदाजाइतकीच जुनी आहे. १८६१ साली लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये लोकांसाठी हवामानाचे अंदाज छापून येऊ लागले. ते देणारा रॉबर्ट फिट्झरॉय म्हणजे डार्विनला 'बीगल' जहाजातून नेणारा कप्तान. वादळात खलाशांचे जीव जाऊ नयेत, ही त्याची तळमळ. लोकांनी मात्र अंदाज चुकला की त्याची रेवडी उडवली. आम्हीही तेच करतो, फक्त पलंगावर लोळत.

तळ्यावर जायचं आणि हवामानाने मध्ये लुडबुड करू नये म्हणायचं, हेच मला गमतीचं वाटतं. तळं स्वतःच थोडंफार हवामान घडवत असतं. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. ऊन असलं की काठावरची जमीन आधी तापते, तिथली हवा वर जाते आणि पाण्यावरची गार हवा तिची जागा घ्यायला येते. दुपारी तळ्याकडून येणारी ती सुखाची झुळूक हीच. रात्री जमीन गार पडली तरी पाण्यात ऊब असते, त्यावर थंड हवा आली की पहाटे वाफ धुक्यासारखी तरंगते. त्या धुक्याचे फोटो काढायला सगळे पुढे. तेच पाणी वरून पडलं की मात्र तोंडं वाकडी. भेटायला जायचं पाण्याला आणि रुसायचंही पाण्यावरच!

विजांचं तेवढं मी हसण्यावारी नेत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे, तीनने भागायचं, साधारण तितके किलोमीटर ती लांब. भागाकार म्हटलं की पोट दुखणारी मुलं हा भागाकार ओरडून करतात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्याकडे फिरकायचं नाही, हा नियम. आता गंमत बघा, पंचविसाव्या मिनिटाला, पोहण्याचे कपडे घालून सगळे दारात रांगेने उभे असताना, लांब कुठेतरी ढग हलकेच गुरगुरतो. आजोबा घड्याळ परत शून्यावर नेतात. त्या क्षणी आजोबांइतका अप्रिय माणूस जगात नसतो.

मग पडवीत बसून पाऊस बघण्याखेरीज काम उरत नाही, आणि तो पाण्यावर पडताना बघण्यासारखा असतो. टपोरा थेंब पडला की पाण्यात इवलासा खड्डा होतो, तो बुजताना मधून बारीक खांब उसळतो, त्याच्या टोकावरून एखादा मणी सुटून परत खाली. थेंबाचा तो 'टप्प' आवाज पुष्कळदा थेंब आपटल्याचा नसतोच. पाण्याखाली अडकलेला हवेचा बुडबुडा थरथरतो, त्याचा तो असतो. हे मी सांगायला गेले, तर आत पत्त्यांच्या डावात कुणीतरी कुणाचा तरी एक्का पकडला होता. पत्ते इतके दमट की पिसायला जावं तर दोन-दोन चिकटून येत होते, आणि त्यावरून वेगळंच भांडण.

तरी एक कबूल करायला हवं, अशा पावसात घरातली खरी भांडणं होत नाहीत. उशिरा कोण उठलं, बॅट कोण विसरलं, होडीसाठी आधी नाव का नोंदवलं नाही, सगळ्याचं खापर ढगांवर फुटतं. ढग उलट उत्तर देत नाहीत. स्वच्छ ऊन असतं तर एव्हाना दोन बहिणींचा अबोला सुरू झाला असता.

रविवारी पाऊस थांबतो. सगळे बाहेर येतात, आळस देतात, आकाशाकडे बघतात. दोष द्यायला आता वर कुणी नाही. तेव्हा कुठे आत्याच्या लक्षात येतं, की एवढ्या माणसांत बाथरूम एकच आहे.

"हे घर ठरवलं कुणी?" ती विचारते, आणि काका एकाएकी होडी बघायला निघून जातात.