पबच्या भिंतीचं सिमेंट काढायची परवानगी, माझा अनुभव

मी मूळची राजापूरची, आता इंग्लंडमधे सफोकच्या एका खेड्यात राहते. आमच्या गावचा पब बंद पडणार होता तर गावकऱ्यांनी शेअर्स काढून तो विकत घेतला आणि मागच्या भिंतीला ओल होती ते काम माझ्याकडे आलं. इमारत सोळाव्या शतकातली, ओकच्या लाकडी सांगाड्याची, ग्रेड २ लिस्टेड, म्हणजे संरक्षित जुन्या इमारतींच्या सरकारी यादीतली. त्यामुळे परवानगीशिवाय तिच्या रूपात बदल केला तर १९९० च्या कायद्याने सरळ फौजदारी गुन्हा.

या परवानगीच्या अर्जाला फी नसते. पण मी पहिल्यांदा "खराब प्लास्टर बदलणे" एवढंच लिहिलं आणि अर्ज परत आला. मग कौन्सिलच्या जुन्या इमारती बघणाऱ्या कॉन्झर्वेशन ऑफिसर बाई स्वतः आल्या, भिंत वाजवून बघितली आणि म्हणाल्या ओल आत अडकलीय. पूर्वी कोणीतरी सिमेंट थापलेलं, त्याला बारीक चीर गेली की पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाटच नाही, मग ओक कुजतो, चुना असता तर ओल घेतो आणि सोडूनही देतो. मग मी प्रत्येक भागाचे फोटो, मापं, किती काढणार, नव्या गिलाव्यात चुना, वाळू आणि जनावरांच्या केसांचं प्रमाण काय, सगळं लिहून दिलं. नियमात ८ आठवडे आहेत, आमचे ३ महिने गेले, तोवर थंडी आली आणि ओला चुना गोठला तर भुगा होतो म्हणून एप्रिलपर्यंत थांबलो.

सिमेंट निघालं आणि मी बघतच राहिले. आत कुड! हेझल नावाच्या झुडपाच्या काटक्या विणून त्यावर माती, गवत, शेण लिंपलेलं, आमच्या आजीकडे कारवीचा होता अगदी तस्साच. इथे वॉटल अँड डॉब म्हणतात. खांबांवर सुतारांच्या खुणा पण होत्या, रोमन आकड्यांसारख्या, फक्त चारला चार उभ्या रेघा. सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचे, नंबर कोरायचे, मग सुटा करून जागेवर उभा करायचे आणि ओकच्याच खुंट्या ठोकायचे. इतक्या वर्षांनी ते आकडे स्वच्छ वाचता येतात हो!

तळाच्या तुळईचा कुजला तेवढाच तुकडा कापून नवा ओक सांधला. चुना लावल्यावर तो भरभर वाळू नये म्हणून भिंतीवर ओलं गोणपाट टांगलेलं, त्यावर पाणी मारायला मी रोज संध्याकाळी जायचे.