एमपीएफआय कामाची नोंद: उन्हात उभी केल्यावर सेल्फ खाणारी गाडी

गाडी २००४ सालची, चार सिलिंडरची, पेट्रोल, एमपीएफआय, म्हणजे दर सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी. टाकीत पंप, रेलच्या (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीच्या) शेवटी दाब ठरवणारा रेग्युलेटर, तिथून टाकीकडे परतीची नळी. ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर नाही, ठिणगीची वीज देणाऱ्या दोन कॉइल, एक १ आणि ४ साठी, दुसरी २ आणि ३ साठी. तक्रारी तीन. जळगावच्या उन्हात वीस मिनिटे उभी राहिली की आठ-दहा सेकंद सेल्फ मारल्याशिवाय लागत नाही. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये मिसिंग मारते. आणि अॅव्हरेज उतरलेय.

अशा गाडीवर आपल्याकडे ठरलेला निकाल येतो: "पंप गया भो!" मग पंप, प्लग, कॉइल असे एकेक बदलत जायचे. इथे उलटा क्रम धरला आहे. आधी मोजायचे, आणि मोजमाप बोट दाखवेल तेवढेच बदलायचे.

काम सुरू करण्याआधी

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा पेट्रोलचे काम पहाटे सहा ते आठ एवढ्यातच उरकायचे. इंजिन रात्रभर थंड झालेले हवे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचते, म्हणून गॅरेजच्या पिटवर हे काम नको, उघड्या अंगणात हवे. कुलर, पंखा, मोबाइलचा चार्जर यांची पिन आधीच काढून ठेवा. वाफ असताना बटण दाबले तर ठिणगी बटणातच पडते. आग विझवण्याचा दोन किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर हाताला लागेल असा, पण गाडीपासून चार पावले दूर ठेवा, कारण आग बॉनेटमध्येच लागणार आहे. पाण्याची बादली कामाची नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरते.

दाब सोडण्याची पद्धत: गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर, टाकीचे झाकण उघडून परत लावायचे. पंपाचा रिले किंवा फ्यूज काढायचा, इंजिन सुरू करून आपोआप बंद पडू द्यायचे, मग दोन-तीन सेकंदांचा सेल्फ आणखी दोनदा मारायचा. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह काढायची. एवढे करूनही पहिला जोड ढिला करताना त्याभोवती जाड चिंधी गुंडाळा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा, रेलमध्ये थोडे पेट्रोल असतेच. इंजिन गरम असेल तर सोडलेला दाब उष्णतेने पुन्हा चढतो. दुपारी हे काम घाईत करणाऱ्यांच्या तोंडावर फवारा येतो तो यामुळे.

रेलमधला दाब

दाबाचा मीटर फिल्टर आणि रेल यांच्यामध्ये टी (तीन तोंडांचा जोड) लावून जोडला. नळी इंजेक्शनचीच हवी, एसएई जे३० आर९ छापलेली. कार्ब्युरेटरच्या गाडीची साधी नळी या दाबाला फुगते. क्लिपही गोल, गुळगुळीत कडेची. जाळीदार पट्टीची जुबिली क्लिप रबर चिरते. बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) दोन्ही वॉशर दर वेळी नवे.

गॅरेजच्या भाषेत किलो म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम. पंप चालू आणि इंजिन बंद असताना २.९ किलो. स्लोला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन मंद चालू असताना, २.३. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी उपटली की पुन्हा २.९, आणि त्या नळीत पेट्रोलचा वासही नाही, म्हणजे रेग्युलेटरचा पडदा फाटलेला नाही. इथपर्यंत सगळे ठीक, आणि बहुतेक तपासणी इथेच थांबते. खरा प्रश्न इंजिन बंद केल्यानंतरचा आहे.

बंद केल्यावर एका मिनिटाने दाब २.० किलोच्या वर हवा. इथे १.३ दिसला, पाच मिनिटांनी ०.२. दाब गेला की रेलमधले पेट्रोल बॉनेटखालच्या उष्णतेने उकळते, नळीत द्रवाऐवजी वाफ भरते आणि इंजेक्टर वाफच फवारतात. थंड हवेत हाच दोष महिनोन्‌महिने लपून राहील. आपल्या उन्हात तो वीस मिनिटांत समोर येतो.

दाब तीन वाटांनी जाऊ शकतो: परतीच्या बाजूने रेग्युलेटरमधून, पंपाच्या बाजूने टाकीत, किंवा इंजेक्टरमधून सिलिंडरमध्ये. वाट ओळखायला नळी दाबायचा चिमटा लागतो. त्याच्या जबड्यांना रबर किंवा कापड गुंडाळा, आणि दाबायची ती फक्त मऊ रबरी नळी. प्लॅस्टिकची कडक नळी चिमट्याने तडकते. पंप चालवून पूर्ण दाब आणला, पंप बंद होताच परतीची नळी दाबली. दाब तसाच उतरला, म्हणजे रेग्युलेटर निर्दोष सुटला. पुन्हा पूर्ण दाब आणला आणि या वेळी येणारी नळी दाबली. पाच मिनिटांनी २.५, दहा मिनिटांनी २.३. म्हणजे इंजेक्टर गळत नाहीत आणि दोष टाकीच्या बाजूला आहे.

पंपाच्या तोंडाशी एक चेक व्हॉल्व्ह असतो, आणि सगळे बोट त्याच्याकडेच दाखवतात. पण त्या व्हॉल्व्हच्या पुढे, टाकीच्या आतच, पंप आणि वरच्या झाकणाची नळी यांना जोडणारा बोटभर लांबीचा एक रबरी तुकडा असतो. तो चिरला तर चेक व्हॉल्व्ह कितीही चांगला असला तरी दाब टाकीत सुटतो.

मागची सीट उचलून झाकण उघडले. टाकीत पावपेक्षा कमी पेट्रोल असताना हे करा, आणि झाकणाला हात लावण्याआधी बॉडीच्या उघड्या लोखंडाला हात टेकवा, अंगातली स्थिर वीज तिथे उतरते. फिरकीचे कडे छिन्नी-हातोडीने ठोकू नका. पितळी पंच किंवा लाकडी खुंटी घ्या, लोखंडावर लोखंड म्हणजे ठिणगी. पंप बाहेर आला तेव्हा तुकडा वरून बरा दिसत होता. दोन बोटांत वाकवला तर क्लिपच्या काठापासून लांबीत चीर उघडली, नख शिरेल एवढी, आणि आतला थर चिकट, फुगलेला. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जुने रबर असेच होते. २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले आहे. त्याआधीच्या गाड्यांच्या सगळ्या रबरी नळ्या एकदा वाकवून पाहाव्यात, नुसत्या बघून समजत नाही.

इथे आर९ची नळी चालत नाही, आणि ही चूक सर्रास होते. आर९चे बाहेरचे आवरण पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी बनवलेले नसते, ते काही महिन्यांत सैल पडते. टाकीच्या आत जे३० आर१० लागते. ती महाग आहे, पण लागते बोटभरच. नवा तुकडा, दोन नव्या क्लिपा, झाकणाखाली नवे रबर. आता पाच मिनिटांनी २.४. पंप तोच. नवा पंप बदलून गाडी बरी होते तेव्हा अनेकदा त्याच्यासोबत आलेला तुकडाच बदललेला असतो, आणि दोष पंपाच्या नावावर लागतो.

इंजेक्टर

रेल उचलण्याआधी इंजेक्टरच्या बुडाशी साचलेली धूळ हवेने उडवून घ्या. कापसाच्या जिनिंगचा हंगाम असेल तर धुळीत तंतूही असतात. ते मॅनिफोल्डच्या (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीच्या) भोकात पडले की पुढचे काम वाढते.

रेझिस्टन्स १२.६ ते १२.९ ओहम, चारही सारखे. हे जास्त रेझिस्टन्सचे इंजेक्टर आहेत. दोन-तीन ओहमवाल्यांना थेट बारा व्होल्ट दिले तर कॉइल जळते. दोष शोधताना कुठलाही इंजेक्टर बॅटरीला धरून ठेवू नका, टिकटिक एवढाच स्पर्श पुरे. गळती मिनिटाला एक थेंबापेक्षा कमी, ठीक. टेस्ट बेंचवर पंधरा सेकंदांचा प्रवाह मात्र ४८, ४१, ४७, ४८ मिलिलिटर. दोन नंबरचा बाकीच्यांपेक्षा साधारण १४ टक्के मागे, आणि त्याचा फवारा एका बाजूला झुकलेला. त्या सिलिंडरचा प्लगही पांढरट होता, दोन्ही खुणा एकच सांगतात. अल्ट्रासॉनिक धुलाई आणि वरची बारीक जाळी बदलल्यावर तो ४७वर आला. फरक पाच टक्क्यांच्या आत असेल तर हात लावू नये.

ओ-रिंगा आणि खालच्या गाद्या नव्याच घ्यायच्या. बसवताना ओ-रिंगेला पेट्रोलचा किंवा स्वच्छ इंजिन ऑइलचा हात, ग्रीस नाही. बोल्ट कसल्यावर प्रत्येक इंजेक्टर बोटांनी फिरवून पाहा. सहज फिरला तर ठीक. अडकत फिरला तर ओ-रिंग दुमडून बसली आहे, काढून पुन्हा बसवा. इथे आळस केला तर पेट्रोल थेट गरम मॅनिफोल्डवर गळते. मग बॅटरी जोडून चावी तीनदा ऑन-ऑफ. दर वेळी पंप दोन-तीन सेकंद चालतो आणि दाब चढतो. एलईडी टॉर्चने आणि छोट्या आरशाने प्रत्येक जोडाच्या मागची बाजू पाहिल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही.

स्पार्क

घाटातली मिसिंग एकट्या इंजेक्टरची नव्हती. हाय टेन्शन वायरी मोजल्या. एक मीटर लांबीला दहा ते बावीस किलोओहम ही कार्बनच्या वायरीची नेहमीची रेंज. अर्ध्या मीटरच्या तीन वायरी सात-आठ किलोओहमच्या, तीन नंबरची ३४. या जोडणीत एका कॉइलची ठिणगी दोन प्लगांतून एकापाठोपाठ जाते, म्हणून तीनची वायर खराब झाली की दोनलाही झळ बसते. दोनला पेट्रोल कमी आणि ठिणगीही अशक्त, हे त्या सिलिंडरचे दुहेरी दुखणे होते. लोड नसताना ते जाणवत नाही. घाटात थ्रॉटल उघडला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाब वाढला की तेवढ्याच गॅपमधून उडी मारायला जास्त व्होल्टेज लागते.

याच जोडणीमुळे प्लग झिजतातही वेगळे. जोडीतल्या एकाची मधली दांडी झिजते, दुसऱ्याची वाकडी पट्टी, कारण दोघांत वीज उलट दिशांनी जाते. जुने प्लग पुसून परत बसवताना जागा अदलाबदल करू नका. गॅप १.१ मिलिमीटरचा १.३ झाला होता. नवे प्लग आर अक्षराचेच, म्हणजे आत रेझिस्टर असलेले. बिनरेझिस्टरचे प्लग रेडिओत खरखर आणतात, आणि तीच खरखर ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) सिग्नलमध्येही शिरते. हेड अॅल्युमिनियमचे आहे, म्हणून इंजिन पूर्ण थंड असतानाच प्लग खोलायचे. हाताने शेवटपर्यंत फिरवायचे, मग २५ ते ३० न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर हाताने घट्ट झाल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावतात ती पेस्ट) लावू नका. त्याने आटे निसरडे होतात आणि त्याच टॉर्कला प्लग जास्त ताणला जातो.

ठिणगी तपासायची तर स्पार्क टेस्टर अर्थिंगला घट्ट चिमटवा. वायर हवेत धरून सेल्फ मारण्याची जुनी सवय या गाड्यांवर महागात पडते. ठिणगीला वाट मिळाली नाही की ती कॉइलच्या आतले इन्सुलेशन फोडते, आणि पुढे ईसीयूमधला कॉइल चालवणारा भाग (ड्रायव्हर) जळतो. वीस-तीस हजार व्होल्टचा झटका माणसालाही थट्टेचा नाही, पेसमेकर बसवलेल्याने तर चालू इंजिनाजवळ उभेच राहू नये. आणि तपासणीआधी चारही इंजेक्टरचे सॉकेट काढा, नाहीतर प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ नेमकी ठिणगीकडे येते.

अॅव्हरेज

तपासणीच्या चेक कनेक्टरला जंपर वायर लावल्यावर डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लुकलुकून १२ हा कोड दाखवतो, म्हणजे ईसीयूच्या मते सगळे ठीक. तरी कूलंट सेन्सरची (इंजिनच्या पाण्याचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरची) वायर ईसीयूच्या टोकाला मोजली, चावी बंद आणि सॉकेट काढलेले. सकाळी ३० अंशाला १.९५ किलोओहम, अपेक्षा १.७. इंजिन तापून ८० अंशाला ०.५७, अपेक्षा ०.३२. दोन्ही वेळा फरक २५० ओहमचाच. सेन्सर बिघडला असता तर फरक तापमानाबरोबर बदलला असता. एवढा स्थिर फरक म्हणजे वाटेत कुठेतरी गंजलेला जोड. थंड असताना या २५० ओहमने चार-पाच अंशांचीच चूक होते. गरम असताना मात्र ८० अंशाचे इंजिन ईसीयूला साठच्या आसपास दिसते. तो पेट्रोल जास्त टाकत राहतो, गरम स्टार्टलाही. ज्या गाड्यांत रेडिएटरचा पंखा ईसीयू चालवतो, तिथे पंखा उशिरा लागतो, आणि आपल्या उन्हाळ्यात अॅव्हरेजपेक्षा तीच जास्त भीती. सेन्सरच्या सॉकेटची एक पिन हिरवी पडली होती. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिन जराशी दाबून घट्ट केली, आता गरम असताना ०.३३.

या मोजणीला डिजिटल मल्टिमीटरच घ्या. बल्बचा टेस्टर ईसीयूच्या पिनेला लावला तर तो स्वतःच इतका करंट ओढतो की आतला भाग जळतो. वायरीत सुई टोचू नका, पहिल्या पावसात तिथूनच गंज धरतो. आणि हायवेला बॅटरी बसली म्हणून केळीच्या ट्रकवरून जंप घेऊ नका. ट्रकची सिस्टिम २४ व्होल्टची असते. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासणे हीही तसलीच गोष्ट. बॉडीला वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटरी आणि ईसीयूचे सॉकेट सोडवून ठेवा.

आजची स्थिती

वीस मिनिटे उन्हात उभी ठेवून सेल्फ दीड सेकंद. कन्नड घाट चौथ्यात, मिसिंग नाही. अॅव्हरेजचा आकडा तीन टाक्या पेट्रोल भरल्यावर टाकू, एका टाकीवरून काही ठरत नाही. पुढच्या टप्प्यात फिल्टर ते रेल ही नळी आणि परतीची नळी दोन्ही बदलायच्या आहेत. टाकीतला तुकडा जसा फुगला होता, तशीच परतीच्या नळीची वळणावरची बाजू हाताला मऊ लागते आहे.