टेबलावर पडलेला मोबाईल ९.८ दाखवतो तेव्हा

अकरावीला त्वरण, म्हणजे वेग किती झपाट्यानं बदलतो ते, शिकवताना गाडी दरवर्षी एकाच जागी अडते, त्याच्या मीटर पर सेकंद स्क्वेअर या युनिटपाशी. यावेळी शेवटच्या बाकावरून जरा चढ्या आवाजात आलं, "सर, चौरस मीटर जमिनीवर आखून दाखवता येतो, सेकंदाचा वर्ग कुठं दाखवणार?"

म्हटलं वर्ग सोड, वस्तू उंचावरून सोडली असं धर, हवेचा अडथळा नाही, आणि दर सेकंदाचा वेग लिही. ०, ९.८, १९.६, २९.४. दर सेकंदाला वेगात ९.८ मीटर पर सेकंदची भर. वेगात एक सेकंद आधीच बसलाय, तो वेग किती वेळात बदलला हे सांगायला दुसरा आला, बास, झाला वर्ग.

लगेच पोराचं पुढचं, "मग किलोमीटर पर अवर पर सेकंद म्हटलं तर चुकीचं?" अजिबात नाही! ० ते १०० ला १० सेकंद घेणारी गाडी सरासरी दर सेकंदाला १० किलोमीटर पर अवरनं वेग वाढवते, तेच मीटर पर सेकंद स्क्वेअरमध्ये २.७८. खरं सांगायचं तर मला हेच युनिट जास्त बोलकं वाटतं, फक्त सूत्रात घालताना बदलून घ्यायचं.

इथवर नेहमीचंच होतं. मग एकीनं मोबाईलवर सेन्सरचं ॲप उघडलं आणि तो टेबलावर सपाट ठेवला. आकडा ९.७९, ९.८२ असा हलत होता, बाजूला युनिट तेच, मीटर पर सेकंद स्क्वेअर. "सर हा तर जागचा हललेला नाही, त्वरण कसलं दाखवतोय?" वर्ग एकदम जागा झाला.

सेन्सरच्या आत एक बारीक वस्तुमान लवचीक आधारावर बसवलेलं असतं आणि ते जागेवरून किती सरकलं त्यावरून आकडा निघतो. टेबल मोबाईलला वर ढकलतं, मोबाईल त्या वस्तुमानाला, तोच रेटा आकड्यात दिसतो. गुरुत्वाकर्षण मोबाईल आणि त्या कणाला सारखंच ओढतं, त्यामुळे ते एकटं असलं तर सेन्सरला काहीच कळत नाही. मग मीटरभर उंचीवरून मोबाईल जाड गादीवर सोडला (मालकिणीची परवानगी घेऊन, हे महत्त्वाचं). पडायला अर्ध्या सेकंदापेक्षा थोडा कमी वेळ, आणि ग्राफवर तेवढ्यापुरती रेघ शून्यापाशी आली, मग गादीला लागताच उंच टोक.

आता खरी गंमत. मागचा पोरगा सुरुवातीपासून ठासून सांगत होता की वर फेकलेला चेंडू सगळ्यात उंच जागी थांबतो म्हणजे तिथं त्वरण शून्य. त्यानं स्वतः मोबाईल सरळ वर उडवला, झेलला, ग्राफ बघितला आणि ओरडला, "बघा, शून्य! मी काय म्हणत होतो!"

मी काही बोलायच्या आत मोबाईलची मालकीण म्हणाली, यात सगळ्यात उंच जागा कुठली ते दाखव. तो रेघेवर बोट फिरवत राहिला. हात सुटल्यापासून झेलेपर्यंत सगळीकडे शून्यच होतं, वर जाताना वेग घटत होता तेव्हाही आणि खाली येताना वाढत होता तेव्हाही. वेग तर सारखा बदलतोय मग हे शून्य त्वरणाचं कसं असेल, असं तो स्वतःशीच पुटपुटला आणि फळ्यावर जाऊन वर फेकलेल्या चेंडूचे वेग लिहायला लागला, १९.६, ९.८, ०, आणि पुढच्या सेकंदाला वजा ९.८.