हवाईतली रानटर्की: गाइड नको, पहाटे सहाला गेटवर उभे राहा

आधीच सांगते, हवाईच्या बिग आयलंडवर टर्की बघायला कुणालाही पैसे देऊ नका. आम्ही माणशी 180 डॉलर मोजले. ‘हमखास दिसणार’ म्हणणाऱ्या माणसाने चार तास किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या हिरवळींवर फिरवलं आणि दाखवला काय, तर तित्तिर! सोलापूरच्या माळावर लहानपणापासून ज्याची हाक ऐकली, तोच. जाब विचारला तर म्हणे, पक्ष्यांची खात्री देता येत नाही. मग ‘हमखास’ कशाला म्हणायचं?

टर्की मूळची उत्तर अमेरिकेची. इथली रिओ ग्रांदे जातीची, 1960च्या दशकाच्या सुरुवातीला टेक्सासहून शिकारीसाठी आणून पुउ वाआवाआ रँचवर (गुरांच्या मोठ्या कुरणावर) सोडलेली. तिथे आज सगळ्यांना फुकट जाता येतं. हायवे 190, बाविसाव्या मैलाच्या खुणेजवळ. सकाळी 6 ते संध्याकाळी 6. दारातच ब्रश आहे, बुटांचे तळ घासूनच आत जा, कारण ओहिया झाडं मारणारी बुरशी मातीतून पसरते.

रँचवरची पुउ वाआवाआ ही ज्वालामुखीची टेकडी लांबून थेट मोदकासारखी दिसते, कळ्या पाडाव्यात तशा घळी. जाऊन-येऊन साधारण 10 किलोमीटर. रँचच्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पण टेकडीचा शेवटचा चढ! सरळ उभा, गवताचा, सावली नाही. चढताना फक्त दम लागतो, उतरताना मात्र भुसभुशीत मातीवर पाय ठरत नाही. मी दोनदा बसकण मारली, गुडघा अजून सुजलेला आहे. काठी नसेल तर हा टप्पा सोडा. वाटेत पाणी नाही, माणशी दोन लिटर घ्याच. दुपारी ढग उतरतात आणि वर काही दिसत नाही.

आणि टर्कीसाठी वर जायची गरजच नाही! आम्हाला त्या खाली दिसल्या, सात वाजायच्या आत, कुंपणापाशी. माद्या तारेखालून एकेक करून सरपटत निघून गेल्या. नर मात्र तारेला लागून इकडून तिकडे येरझारा घालत राहिला. छातीवर केसांचा झुपका, अंगावर तांब्यासारखी झळाळी, शेपटीच्या टोकाला बिस्किटी पट्टा. चांगली दहा मिनिटं. उडता येत असूनही उडाला नाही, शेवटी मान खाली घालून तोही तारेखालूनच गेला. मला श्वास घ्यायचं भान नव्हतं.

परतताना झाडीत कालीज हा कोंबडीच्या कुळातला रानपक्षी दिसला. हा हिमालयातला. 1962 मध्ये याच रँचवर 67 सोडले होते, आता बेटभर झाले आहेत. 180 डॉलरवाल्याने त्याचं नावही काढलं नव्हतं.

मार्च-एप्रिलमध्ये टर्कीच्या शिकारीचा हंगाम असतो. तारखा बघा, भडक रंगाचे कपडे घाला. वाटेतली गुरांची फाटकं मागे ओढून घ्या, कडी नीट बसली का ते हलवून बघा.