चाप ओढण्याआधी काय काय पाहायचं

शिकारीतल्या अपघाताची बातमी आली की "बंदूक चुकून सुटली" हे वाक्य हमखास येतं. आपोआप सुटणारी बंदूक विरळा. बहुतेक वेळा कुणीतरी चाप ओढलेला असतो. ओढताना समोर काय आहे हे त्याने नीट पाहिलेलं नसतं, नाहीतर सावजाच्या मागे काय आहे याचा विचार केलेला नसतो. शिकारीच्या सुरक्षेचे बहुतेक कायदे याच दोन चुकांभोवती फिरतात. ते कायदे का झाले हे कळलं तर पाळायलाही सोपे जातात.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती तशीच राहावी. हे लिखाण आहे ते अमेरिका, कॅनडा, युरोपात राहणाऱ्या, परवाना काढून हंगामात रानात जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी.

नोव्हेंबर १९८८. अमेरिकेतल्या मेन राज्यात हर्मन गावी हरणाचा हंगाम चालू होता. एक तरुण आई स्वतःच्या घरामागच्या झाडीजवळ उभी होती, हातात पांढरे हातमोजे. तिथल्या हरणाच्या शेपटीची खालची बाजू पांढरीशुभ्र असते आणि हरिण बिथरलं की ती शेपटी वर करून पळतं. गोळी लागून ती बाई गेली. आपण हरिण पाहिलं असं शिकाऱ्याचं म्हणणं होतं. खटला चालला आणि ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. त्या काळात गावोगाव "तिने नारिंगी का घातलं नव्हतं?" असंही विचारलं गेलं, स्वतःच्या परसात उभ्या असलेल्या बाईबद्दल! या प्रकरणानंतर १९९१ मध्ये मेनने लक्ष्य ओळखण्याचा कायदा केला. त्याचं सार असं: गोळी झाडण्याच्या त्या क्षणी समोर आपल्याला हवं तेच जनावर आहे याची शिकाऱ्याला खात्री असली पाहिजे, आणि ही खात्री जनावराचं डोकं आणि धड आडोशाविना दिसल्यावरच होते. आवाज, हालचाल, रंगाचा ठिपका यांवर गोळी झाडता येत नाही. माझ्या मते शिकारीचा इतका नेमका कायदा दुसरा नाही. तुमच्या राज्यात तो नसला तरी आपल्यापुरता तो लागू करून घ्यावा.

डोळा फसतो कसा, हेही समजून घ्यायला हवं. तासन्‌तास हरणाची वाट पाहणारा मेंदू अर्धवट दिसणाऱ्या गोष्टीला हरणाचा आकार देऊन टाकतो. आडवी फांदी पाठ होते, दोन वाळक्या काटक्या शिंगं होतात. त्यात पहाटेच्या अंधुक उजेडात रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ काम करत नाहीत आणि सगळं करड्या छटांत दिसतं. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीला मुभा असते. ही कायद्याची मर्यादा झाली. ढगाळ दिवशी दाट झाडीत त्या अर्ध्या तासात डोकं-धड वेगळं ओळखू येत नसेल, तर घड्याळात काहीही वाजलं असो, तुमची शिकार अजून सुरू झालेली नाही.

क्रम असा ठेवावा. हालचाल दिसली की बंदूक उचलायची नाही, गळ्यातली दुर्बीण उचलायची. रायफलवरच्या स्कोपमधून "काय आहे ते बघू" म्हणणं हा मोठा गुन्हा समजावा, कारण तिकडे माणूस निघाला तर तुम्ही भरलेली बंदूक माणसावर रोखलेली असते. दुर्बिणीतून आधी डोकं, मग मान, खांदा, पाय, असं जनावर पूर्ण जुळवायचं. नर-मादी, शिंगं आणि आपला परवाना यांचा मेळ घालायचा. मग नजर जनावराच्या मागे न्यायची. तिथे काय आहे हे कळल्यावरच रायफल खांद्याला, मग सेफ्टी (चाप अडवून धरणारी कळ) काढायची, आणि सगळ्यात शेवटी बोट चापावर. तोवर बोट चापाच्या कडीबाहेर, दस्त्याला समांतर. सेफ्टी हा यंत्राचा एक भाग आहे; तो झिजतो, कपड्यात अडकून सरकतो, थंडीत गोठतो. सेफ्टी लावली आहे म्हणून नळी कुणाकडे वळवायची मोकळीक मिळत नाही.

जनावराच्या मागे काय, हा भाग लोक फार हलक्यात घेतात. साध्या .२२ (हा नळीचा व्यास, इंचात) रायफलची गोळी दीड मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे अडीच किलोमीटर जाऊ शकते. .३०-०६ सारख्या मोठ्या रायफलची गोळी पाच किलोमीटरच्या आसपास पोचते. छर्ऱ्यांचा पल्ला त्यांच्या जाडीवर असतो: पक्ष्यांसाठीचे साडेसात नंबरचे बारीक छर्रे दोनशे मीटरच्या आत पडतात, तर हरणासाठीचे डबल-ऑट छर्रे साडेसहाशे मीटरच्या घरात जातात. नेम बसला तरी मोठ्या रायफलची गोळी बऱ्याचदा जनावरातून आरपार निघून पुढे जाते. म्हणून मागे मातीचा उतार किंवा टेकडी हवी. झाडी म्हणजे आडोसा नव्हे, ती फक्त पलीकडचा माणूस लपवते. टेकडीच्या माथ्यावर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभं असलेलं जनावर कितीही देखणं असो, ते सोडून द्यायचं. गोठलेली जमीन, पाणी, खडक यांवरून कमी कोनात आलेली गोळी उसळते आणि कुठे जाईल ते सांगता येत नाही. घरांपासूनचं अंतर प्रत्येक राज्य वेगळं ठरवतं, न्यूयॉर्कमध्ये बंदुकीसाठी ५०० फूट, पेनसिल्व्हेनियात १५० यार्ड. पाच किलोमीटर जाणाऱ्या गोळीपुढे हे आकडे किती तोकडे आहेत ते पाहा, म्हणजे अंतर पाळलं की जबाबदारी संपली असं वाटणार नाही.

हाक्याच्या शिकारीत, म्हणजे आरडाओरडा करून जनावर शिकाऱ्यांकडे पिटाळतात तेव्हा, धोका आणखी वाढतो, कारण जनावर पळत असतं आणि दोन्ही बाजूंना आपलीच माणसं रांगेत उभी असतात. फ्रान्समध्ये यासाठी तीस अंशांचा नियम आहे: शेजारच्या शिकाऱ्यांच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना तीस अंशांच्या आत बार काढायचा नाही. अंदाजाने हा कोन चुकतो, म्हणून तो पावलांनी मोजतात. आपल्या जागेवरून शेजाऱ्याच्या दिशेने पाच पावलं चालायचं, तिथून काटकोनात रानाकडे तीन पावलं, आणि तिथे काठी रोवायची किंवा फांदी ठेवायची. आपली जागा आणि ती काठी यांना जोडणारी रेषा म्हणजे जवळजवळ तीस अंश. दुसऱ्या बाजूलाही तसंच. हे काम बंदूक रिकामी असताना, हाका सुरू होण्याआधी करायचं, आणि शेजाऱ्याला हात करून आपली जागा दाखवायची. एकदा उभे राहिलात की जागा सोडायची नाही. जखमी जनावर पुढ्यात पडलं तरी नाही. हाका सुरू झाल्याचं शिंग (रणशिंगासारखं वाद्य) वाजल्यावर काडतूस भरायचं, शेवटचं शिंग वाजलं की लगेच काढायचं. जनावर काठ्यांच्या मधल्या पट्ट्यातून गेलं तर संधी; काठीपलीकडे गेलं की नळी आकाशाकडे. खांद्याला लावलेल्या बंदुकीने जनावराचा पाठलाग करत रेषा ओलांडायची नाही.

फ्रान्सने २०१९ च्या कायद्याने मोठ्या जनावरांच्या सामुदायिक शिकारीत चमकदार जॅकेट आणि रस्त्यावर सूचनाफलक सक्तीचे केले, शिवाय दर दहा वर्षांनी सुरक्षेची उजळणी आणली. तरी डिसेंबर २०२० मध्ये लो नावाच्या जिल्ह्यात स्वतःच्या घराजवळ लाकडं तोडणारा २५ वर्षांचा तरुण रानडुक्कर समजून मारला गेला. हर्मनच्या घटनेला तोवर ३२ वर्षं झाली होती आणि चूक अगदी तीच. त्यावरून देशभर वाद पेटला, आणि २०२३ मध्ये दारू पिऊन शिकार करणाऱ्याला १,५०० युरोपर्यंत दंडाची तरतूद आली. दारूबद्दल मी एवढंच म्हणेन की आदल्या रात्रीची दारूही मोजावी.

छर्ऱ्याच्या बंदुकीने पक्षी मारताना अपघाताचं रूप वेगळं असतं. पक्षी अचानक उडतो, नजर त्याला चिकटते आणि नळी नजरेमागे फिरत जाते. शिकवताना सांगतात ते असं: एका रांगेत तिघांपेक्षा जास्त नकोत, दोघांत २५ ते ४० यार्ड अंतर, आणि प्रत्येकाचा पुढचा सुमारे ४५ अंशांचा पट्टा. शेजाऱ्याच्या पट्ट्यात गेलेला पक्षी शेजाऱ्याचा. फेब्रुवारी २००६ मध्ये टेक्सासमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी यांच्याकडून सोबतच्या वयस्क शिकाऱ्याला छर्रे लागले, ते असंच. तो गृहस्थ पडलेला पक्षी शोधायला मागे राहिला होता, परत येत होता, आणि चेनी उडालेल्या लाव्यामागे वळत गेले. तो माणूस वाचला. सुरुवातीला आजूबाजूच्यांनी "त्याने आपण आल्याचं सांगायला हवं होतं" असा सूर लावला होता. नंतर मुलाखतीत चेनींनी चाप मी ओढला, दोष दुसऱ्या कुणाचा नाही, असं स्पष्ट सांगितलं. ते बरोबरच होतं. तरीही रांग सोडताना आणि परत येताना मोठ्याने हाक द्यावी, आणि रांगेतला एक माणूस जरी दिसत नसेल तरी सगळ्यांनी थांबावं. पक्ष्याच्या खाली आकाश दिसत नसेल तर बार काढायचा नाही. एवढ्या नियमाने डोक्याच्या उंचीवरचे बार टळतात.

नारिंगी रंगाचं काम उलट बाजूचं: तुम्ही दुसऱ्याला दिसावं. पेनसिल्व्हेनियात हरणाच्या रायफल हंगामात डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच रंग लागतो, आणि तो चारही बाजूंनी दिसला पाहिजे. विस्कॉन्सिनने २०१६ पासून चमकदार गुलाबीही चालवला. हरणाच्या डोळ्यात लाल-नारिंगी ओळखणाऱ्या पेशी नसतात, त्यामुळे "रंगाने सावज बिचकेल" ही भीती फोल आहे. गडबड होते ती इथे: पाठीवर सॅक चढवली की पाठीवरचा रंग झाकला जातो, म्हणून सॅकलाही नारिंगी कव्हर घालावं. उन्हात आणि धुण्यात जॅकेटची चमक जाते. फिकट जॅकेट बदलावं. आणि मारलेलं हरिण ओढून किंवा शिंगं खांद्यावर टाकून आणताना त्यावर नारिंगी कापड बांधावं, नाहीतर झाडीतून चालणारी शिंगं दुसऱ्या कुणाला काय दिसतील हे सांगायला नको.

काडतुसांची एक चूक सांगायलाच हवी. बोअर म्हणजे छर्ऱ्याच्या बंदुकीच्या नळीचं माप; आकडा मोठा तितकी नळी बारीक. वीस बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरच्या बंदुकीत गेलं तर ते चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) न थांबता पुढे सरकतं आणि नळीत अडकून बसतं. चाप ओढला की नुसता खटका वाजतो. माणसाला वाटतं बंदूक भरलीच नव्हती. तो बारा बोअरचं काडतूस घालतो आणि बार काढतो. नळी फुटते, पुढे धरलेल्या हाताची बोटं जातात. वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात ती यासाठीच. खिशात एकाच मापाची काडतुसं ठेवावीत, आणि बोअर बदलला की खिसे उलटे करावेत. खटका वाजून बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला रोखून किमान ३० सेकंद थांबावं, कारण बार उशिराही होऊ शकतो. आवाज फुसका आला तर थांबून बंदूक रिकामी करावी आणि मागच्या बाजूने नळीत पाहावं. नळीच्या तोंडात चिखल किंवा बर्फ गेला तरी हेच.

मचाणावरून पडणं हा प्रकार कायद्याच्या पुस्तकांत फारसा सापडत नाही, पण अमेरिकेत हरणाच्या शिकाऱ्यांना गंभीर दुखापत होते ती मोठ्या प्रमाणात इथेच. पूर्ण अंगाचा हार्नेस (झाडाला बांधून ठेवणारे पट्टे) हवा, आणि तो वर पोचल्यावर अडकवून उपयोग नाही. चढता-उतरताना आणि शिडीवरून मचाणावर पाऊल टाकतानाच लोक पडतात. झाडाला वरपासून खालपर्यंत दोर बांधून त्यावर सरकणाऱ्या गाठीला हार्नेस जोडला की जमिनीपासून जमिनीपर्यंत माणूस बांधलेला राहतो. बंदूक रिकामी करून, नळी खाली ठेवून दोराने वर ओढायची. हार्नेसमध्ये लटकून राहिलं तर पायात रक्त साचून काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. म्हणून पाय टेकवायचा पट्टा आणि फोन दोन्ही अंगावर हवेत, सॅकमध्ये नकोत.

कुंपण ओलांडताना बंदूक रिकामी करून, नळीचं तोंड आपल्यापासून दूर ठेवत तारेखालून सरकवायची आणि दस्त्याच्या बाजूने पलीकडे जायचं. दोघं असाल तर एकाने ओलांडावं, मग दुसऱ्याकडून रिकाम्या बंदुका हातात घ्याव्यात.

नॉर्वेत मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी दरवर्षी परीक्षा द्यावी लागते: आधी किमान ३० सरावाच्या गोळ्या, मग १०० मीटरवर पाच गोळ्या, पाचही ३० सेंटिमीटरच्या वर्तुळात. जिथे असा कायदा नाही तिथेही हंगामाआधी हे करून पाहावं, तेही बसून, गुडघ्यावर, धाप लागलेली असताना. ज्या अंतरावर पाचांपैकी एक गोळी बाहेर जाते ते अंतर आपलं नाही.

दिवस संपला की गाडीकडे परतताना सगळे थकलेले असतात, हात गारठलेले असतात. बऱ्याच राज्यांत भरलेली रायफल गाडीत ठेवणं गुन्हा आहे. नळीखालच्या ट्यूबमध्ये काडतुसं राहणाऱ्या बंदुकीत एखादं काडतूस आत अटकून राहतं आणि मोजल्यावरच ते कळतं. म्हणून किती भरली, किती झाडली, किती निघाली हा हिशोब करायचा. अंधारात नजरेवर विसंबू नये, चेंबरमध्ये करंगळी घालून चाचपावं. मग बोल्ट उघडा ठेवून बंदूक सोबत्याच्या हातात द्यावी, त्याने तसंच तपासावं, आणि त्यानंतरच ती म्यानात घालावी.