आमची वाटचाल : एका तांबड्या शाईवर तगलेलं दुकान

1996 साली गोव्यात डिचोलीच्या बाजारात मी आणि माझ्या मामेभावाने मिळून स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे फ्रेमीवर ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापायचं काम, सुरू केलं. सागवानाच्या चार फ्रेमी, खाली ट्यूबलाईट लावलेलं काचेचं टेबल, शाई ओढायच्या दोन रबरी पट्ट्या म्हणजे स्क्वीजी, बस. जाळी ताणायचं काम त्याचं, आणि तसा हात मी अजून दुसऱ्या कुणाचा बघितला नाही, टिचकी मारली की ढोलकीसारखी वाजायची. लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं आणि मग खाणीचं काम, म्हणजे ट्रकची स्टिकरं, हेल्मेटवरचे नंबर वगैरे. ती वर्षं चांगली गेली, घर बांधून झालं.

सप्टेंबर 2012 ला सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला आणि सगळंच बंद. ज्यांच्या गाड्या दिवसरात्र फिरायच्या त्यांच्या टायरांभोवती गवत वाढलं, आता त्यांच्याकडे उधारी मागायची तरी कोणत्या तोंडाने? माझे चाळीस हजार अडकले ते आजपर्यंत अडकलेच आहेत. मामेभाऊ वेर्ण्याला फॅक्टरीत लागला, त्याला मी दोष देत नाही, त्याची पोरं लहान होती.

पण ज्याने दुखावलं तो वेगळाच. आमच्याकडे तीन वर्षं काम शिकलेला मुलगा, माझ्या घरी जेवलेला, त्याने समोरच्याच गाळ्यात फ्लेक्सची मशीन टाकली. धंदा कुणीही करावा, पण माझ्या गिऱ्हाईकांच्या घरी जाऊन स्क्रीन मेली, आता तिथे कशाला जाता असं सांगत फिरायचं? फुटाच्या भावात माझी पाच देवस्थानं त्याने नेली. एका गणपतीत दिवसभर एकही माणूस दुकानात आला नाही आणि त्याच्याकडे रांग, हे मी काउंटरवर बसून बघितलंय.

राहिले फक्त आमचे मास्तर. निवृत्त शिक्षक, गावच्या नाटक मंडळाचे सेक्रेटरी, दरवर्षी तीनशे हँडबिलं. 2013 ला त्यांनी सगळे पैसे आधीच देऊन ठेवले, हिशेब कधी विचारला नाही. पुढच्या जानेवारीत त्यांच्या गावचं घोडेमोडणीचं, म्हणजे कमरेला लाकडी घोडे बांधून नाचणारं पथक पणजीला लोकोत्सवात, लोककलांच्या महोत्सवात, जाणार होतं, मला म्हणाले, "दुकानात बसून माशा मारण्यापेक्षा चल, टेम्पोत जागा आहे."

पणजीत कांपालला, जिथे तो महोत्सव होता, माती, बांबू, लाकूड, शिंपल्यांची कामं बघत फिरलो, पण मन लागत नव्हतं. मग एका कोपऱ्यात एक म्हातारा कावी, म्हणजे जुन्या देवळांच्या भिंतींवरची तांबडी-पांढरी नक्षी, काढत बसलेला दिसला. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर हुरमुंजी म्हणजे तांबड्या मातीचा रंग घातलेल्या चुन्याचा थर, आणि तो ओलसर असतानाच टोकदार सळीने खरवडायचं. तांबडी भुकटी खाली पडायची, तो हळूच फुंकर मारायचा आणि खालून पांढरी पाकळी वर यायची. रंग किती लागतात विचारलं तर मान वर न करता म्हणाला, "एकूच पुरो."

मी तिथेच खाली बसलो. अहो, हे तर आमचंच काम! इमल्शन, म्हणजे जाळीवर लावायचा, उजेडाने घट्ट होणारा लेप, आमच्याकडे यायच्या आधी आम्ही ब्लेडने फिल्म कापून स्टेन्सिल काढायचो ते हेच, नको तेवढं काढून टाकायचं, पांढरं कागदाचं आपलंच असतं. एक स्क्रीन, एक शाई, दुसरा रंग फुकट आणि रजिस्टर बसवायची, म्हणजे एका रंगावर दुसरा नेमका जुळवायची, कटकटच नाही. दोन तास उठलो नाही, मास्तर शोधत आले.

नवीन पोरांना सांगतो, महोत्सवात गेलात तर पन्नास स्टॉलचे फोटो काढत पळू नका, एकाच माणसाचा हात बघत बसा. आणि असली नक्षी छापणार असाल तर कापडाला 43 ची, म्हणजे सेंटीमीटरला 43 धाग्यांची जाळी चालते पण कागदाला 120 च घ्या, नाहीतर रेघेला करवतीसारखे दात येतात. पावसात इमल्शन ड्रायरने पूर्ण सुकवल्याशिवाय एक्सपोज करू नका, म्हणजे त्याला उजेड दाखवू नका.

त्याच आठवड्यात मोरजीला मोरजाईच्या देवळात जाऊन कावी नीट बघून आलो, मग वहीत आपली फुलं, आपल्या वेली काढल्या. शाई मात्र जमेना. बाजारातली तांबडी फार भडक, चॉकलेटी घातली तर मळकी, शेवटी चिमूटभर काळी आणि थोडी पिवळी घालून अकराव्या वेळेला तो मातीचा रंग आला. पहिलं छापलं ते मास्तरांच्या नाटकाचं हँडबिल. ते बघून एकाने मुलीची पत्रिका दिली, मग मुंजीच्या, मग कापडी पिशव्या. 2018 ला खाणी परत बंद झाल्या तेव्हा आमच्या दुकानाला झळ लागली नाही.

समोरच्याने माझी वेल स्कॅन करून जत्रेच्या फ्लेक्सवर टाकली, तीही गुलाबी करून. मी जाऊन बोललो तर म्हणाला, देवळातली नक्षी काय तुझ्या मालकीची? देवळातली नाही, पण ती वेल माझ्या वहीतली होती, मधल्या कळीला पाच पाकळ्या मीच दिल्या होत्या.

मास्तर आता काठी घेऊन येतात. गठ्ठा हातात दिला की आधी वरच्या कागदावर अंगठा फिरवतात, शाईचा उठाव लागतो का बघतात, मग खुर्चीत बसून तीनशेच्या तीनशे मोजतात.