कपाटाची फट

लाल चिनी कपाट टेम्पोत घालून चोर्ला घाटातून आणलं, त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "खानापूरचं सागवान उशाला असताना चिनी लाकूड कशाला गं?" बरोबरच होतं त्यांचं. पण म्हापशाच्या दुकानात दोन दारांच्या मधोमध ती ताटाएवढी गोल पितळी चकती दिसली आणि माझा पाय निघेना.

तिकडे अशी कपाटं लग्नात द्यायचे. लाकूड एल्मचं, चिनीत त्याला यूमू म्हणतात. दारांमधला उभा दांडा उपसून निघतो. दारांच्या खाली एक चोरकप्पा आहे, त्यात हात घालायचा तो आतूनच. सासूबाईंच्या शहापुरी साड्या आता तिथेच असतात! दुकानदार दोनशे वर्षांचं म्हणाला होता. १९११ पूर्वीच्या जुन्या वस्तू बाहेर न्यायला चीनमध्ये कडक बंदी आहे, म्हणून मी मनातल्या मनात त्याचं वय निम्मं केलंय.

पहिल्याच एप्रिलात दाराच्या फळीच्या कडेला बोटाच्या नखाएवढी, रंग न लागलेली फिकट रेघ उघडी पडली. फळी हलवली की खुळखुळायची. मी हुशारीनं फटीत लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल दाबून भरला, वर लाल रंगही फासला. जुलैत आपल्याकडचा पाऊस लागला आणि एका सकाळी दाराचा वरचा कोपरा उसवलेला.

खानापूरहून मिस्त्री आले. कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "फटीत काय भरलंय वहिनी हे? कोण भरलं?"

मी चहा ठेवायला आत गेले.

चहा घेता घेता त्यांनी दार सोडवून दाखवलं. चौकटीत एक खिळा नाही, सगळं कुसू आणि खाच, म्हणजे एका लाकडाचं कोरलेलं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं. फळी नुसती चौकटीच्या खोबणीत सरकवलेली, मुद्दाम सैल. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिला तेवढी जागा लागते. मी तीच बुजवली होती, मग फुगलेल्या फळीनं चौकटच ढकलली. "आमचा आजा वाड्याची दारं अशीच करायचा की," मिस्त्री म्हणाले आणि पटाशीनं माझा फेव्हिकॉल खरवडायला बसले. दीड तास लागला. नवं पॉलिश करू का विचारलं तर नको म्हणाले.

परवा शेजारच्या काकू आल्या होत्या. "फट पडलीय की हो दाराला, बुजवून घ्या." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं.